किती ठेवू?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक विलायती शिरीष आहे. मे संपता संपता त्याची छाटणी निघाली. खाली टेम्पो, रस्त्यावर आडवा धरलेला दोर, फांद्या ओढणारे दोघंतिघं आणि वर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपेक्षाही उंच, कमरेला दोर बांधलेला एक काटकुळा माणूस. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं होतं, कारण ‘मॅडम झाडांच्या आहेत’. निवृत्तीनंतर माझी एवढीच ओळख उरली आहे आणि ती मला आवडते. मी खालून हात दाखवत होते: ती वाळकी काढा, ती तारेत गेलेली मागे घ्या, ही असू द्या. जमलेल्या लोकांचे प्रश्न नेहमीचे. किती तोडणार, कधी आटपणार, लाकूड कोण नेणार. तेवढ्यात वरच्या माणसाने मशीन बंद केलं. ओल्या भुशाचा गोडसर वास तेवढा हवेत राहिला. त्याने वाकून खाली पाहिलं आणि ओरडून विचारलं, ‘‘मॅडम, किती ठेवू?’’

मी म्हटलं, ‘‘चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नका.’’ वर्गात इतकी वर्षं सांगितलेलं वाक्य, आपोआप तोंडातून आलं. तो म्हणाला, ‘‘कशाचा चौथा हिस्सा? हितनं मला हिस्सा नाय दिसत. खांद्या दिसत्यात.’’ आणि हसून मशीन सुरू करून स्वतःच्या अंदाजाने कामाला लागला. काम त्याने चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. पण त्याचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. सगळी नोकरी झाडांवर काढली, आणि हा प्रश्न मला कोणी विचारल्याचं आठवत नव्हतं.

वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणून कॉलेजात लागले तेव्हा झाड कापायचं कसं हे आपल्याला शिकवावं लागेल, असं वाटलं नव्हतं. मी शिकले होते फुलं. पाकळ्या किती, पुंकेसर किती, बीजांडकोश वर की खाली. झाडाचं कूळ सांगता आलं म्हणजे झाड कळलं, अशी आमच्या वेळची समजूत. त्या कुळाच्या झाडाला बस घासून जाते, त्याच्या बुंध्यावर क्लासच्या जाहिरातीचे खिळे ठोकलेले असतात, गटाराच्या कामात त्याची एका बाजूची मुळं जातात, हे कुठल्याच पेपरात नव्हतं. मग एका वर्षी वादळात कॉलेजच्या फाटकाजवळचा गुलमोहर पडला. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, मुळं उथळ, लाकूड ठिसूळ, इतकं सगळं मी वर्गात सांगू शकत होते. तो पडेल असं आदल्या आठवड्यात का वाटलं नाही, ते मात्र सांगता येईना. बुंध्याशी मातीला लागून तपकिरी, चकचकीत आळंबी उगवली होती. ती आम्ही सगळे रोज पाहत होतो. एका विद्यार्थ्याने तर तिचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालून कपाटात ठेवला होता आणि बाटलीवर ‘गॅनोडर्मा’ अशी, बुंधा आतून कुजवणाऱ्या बुरशीच्या नावाची, चिठ्ठी लावली होती. नाव बरोबर होतं.

तिथून मी झाडांच्या आतल्या कुजेकडे वळले. वाचायला लागले तसा अॅलेक्स शायगो हा माणूस भेटला. अमेरिकेच्या वन खात्यात वनस्पतिरोगतज्ज्ञ. एकट्याला पेलेल अशी चेनसॉ १९५९च्या सुमारास हाताशी आली आणि त्यांनी झाडं आडवी न कापता उभी चिरायला घेतली. आडव्या कापात कूज म्हणजे नुसता एक डाग. उभी चिरली की ती कुठल्या जुन्या जखमेतून शिरली, कुठवर चढली, कुठे अडली, सगळी हकीकत समोर. हजारो झाडं चिरून झाल्यावर १९७७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तिकेत सांगितलं होतं की झाडाची जखम आपल्यासारखी आतून भरून येत नाही. झाड कुजेला जिथल्या तिथे कोंडतं. त्याला चार बाजूंनी भिंती घालायचा प्रयत्न करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. वर-खालची भिंत सगळ्यांत कच्ची, म्हणून कूज उभी पळते. जखम झाल्यानंतर वाढलेल्या नव्या लाकडाची भिंत सगळ्यांत पक्की, म्हणून आतून पोकळ झालेलं झाड बाहेरून हिरवंगार उभं राहतं.

हे एकदा कळलं की फांदी कुठे कापायची ते पाठ करावं लागत नाही. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. तिच्यात कूज अडवणारा माल असतो. काप त्या वळीच्या लगेच बाहेर घ्यायचा. ‘साफ’ दिसावं म्हणून खोडालगत कापलं तर ती वळीच जाते. लांब खुंटी ठेवली तर ती वाळते आणि कुजेला जिना मिळतो. मी मुलांना पुस्तक मिटायला लावून आवारात न्यायचे आणि जुने काप वाचायला सांगायचे. नीट घेतलेल्या कापाभोवती नव्या सालीचं गोल, सगळीकडे सारखं जाड कडं आलेलं असतं. खोडालगत घेतलेल्या कापाला दोन बाजूंनीच ओठ येतात, वर-खाली काही धरत नाही. आवारातल्या एका सोनमोहरावर असं सुरेख गोल कडं होतं, आमच्यापैकी कोणी कॉलेजात यायच्याही आधीचं. कोण्या माळ्याने पुस्तक न वाचता तिथे बरोबर करवत टेकवली होती. दर वर्षीच्या बॅचने त्या कड्यावरून बोट फिरवलं आहे.

सांगोल्याकडची, नाशिककडची मुलं दर वर्षी हमखास विचारायची, ‘‘मॅडम, बोर्डो पेस्ट नाही लावायची?’’ डाळिंब-द्राक्षांत वाढलेली मुलं. बागेत ती बुरशीनाशक म्हणून लावतात, ते वेगळं. रस्त्यावरच्या झाडाच्या मोठ्या कापावर डांबर नाहीतर रंग फासल्याने आत कूज जायची थांबत नाही, हे शायगोंनी चिरून दाखवलं होतं. हे पटवताना माझी पुरेवाट व्हायची. एक मुलगी म्हणाली होती, ‘‘पटलं मॅडम, पण उघडी जखम तशीच ठेवायची म्हणजे कसंतरीच वाटतं.’’ मलाही वाटतं.

माझे वडील बांधकाम खात्यात मुकादम होते, सातारा जिल्ह्यात. त्यांच्या ताब्यातल्या रस्त्याला दुतर्फा वड, मधे मधे चिंच, क्वचित आंबा. वर्षातून एकदा सगळ्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे द्यायचे आणि चुन्याच्या पट्ट्यावर काळ्या रंगाने नंबर टाकायचे. सुट्टीत मी डबा धरायला जायची. घरी एक लांबुळकी वही होती, कडा तेलकट झालेली. झाडाचा नंबर, जात, घेर आणि शेरा. घेर मोजायला नारळाची सुतळी, तिला फुटाफुटावर गाठी. शेऱ्याच्या रकान्यात वडील ‘ठीक’ लिहायचे आणि खाली ओळीने दोन दोन टिंबं देत जायचे. चिंचेच्या लिलावाच्या वेळी वहीला जरा किंमत यायची, एरवी ती पाहायला कोणी मागत नसे. पण पावसाळ्यानंतर वडील सायकलवरून निघायचे आणि प्रत्येक झाडाशी पाय टेकून, वर बघून, टिंबं देऊन यायचे. पुढे मी शहरी वृक्षशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ वाचले, त्यांत ‘नियतकालिक निरीक्षण’ म्हणून जे काय येतं ते हेच.

त्या वडांची लागवड कशी झाली तेही वडिलांनी त्यांच्या आधीच्या मुकादमाकडून ऐकलेलं. रोपं नाही लावली, मांडीएवढ्या जाड फांद्या खड्ड्यात रोवल्या, शेंड्याला शेणमातीचा गोळा लावला आणि पखालीने पाणी घातलं. म्हणजे झाड लावलं त्याच दिवशी त्याचा घेर आपल्या दहा-बारा वर्षांच्या रोपाएवढा. ही माहिती मला पुढे फार कामाला आली. महाराष्ट्रातला नागरी भागांसाठीचा झाडांचा कायदा १९७५चा. २०२१मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांच्या पुढचं झाड वारसा वृक्ष ठरलं. तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची. हेतू चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. पण आता प्रत्येक फाइलवर वय लिहावं लागतं आणि ते कोण सांगणार? सागाची वर्षवलयं स्वच्छ मोजता येतात, त्यासाठी कापावं लागतं ही गोष्ट सोडा. वड, पिंपळ, उंबर यांना तशी भरवशाची वलयंच नसतात. मग घेरावरून अंदाज. आणि वड तर फांदी रोवून लावलेला असेल, भिंतीवर उगवून खाली आलेला असेल, नाहीतर तीन पारंब्या एकत्र होऊन खोड बनलेलं असेल. मी एका बैठकीत हे सगळं सांगितलं. समोरचे अधिकारी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘मॅडम, बरोबर आहे तुमचं. पण आकडा सांगा.’’

आकड्यावर आमचा सगळा विषयच अडतो. शहरातलं झाड नेमकं कोणाचं, हे अजून ठरलेलं नाही. ‘अर्बन फॉरेस्ट्री’ हे नाव टोरांटो विद्यापीठात एरिक यॉर्गेनसेन यांनी १९६५ साली वापरात आणलं, म्हणजे विषय काही कालचा नाही. आमच्याकडे वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात हे उद्यानविद्येचं, उद्यानविद्यावाले म्हणतात हे वनशास्त्राचं, वनशास्त्रवाल्यांचं जंगल शहराच्या हद्दीबाहेर सुरू होतं आणि स्थापत्यवाल्यांच्या नकाशावर झाड म्हणजे एक हिरवं वर्तुळ, त्याच्या मधोमध गटाराची रेघ. संशोधनाला पैसे मागायला गेलं की प्रकल्पाची मुदत दोन वर्षं, फार तर तीन. दोन वर्षांत रोपं लावून त्यांचे फोटो काढता येतात, झाडं मोजून कार्बनचं गणित मांडता येतं. म्हणून आमच्याकडचे बहुतेक प्रबंध लावण्याचे आणि मोजण्याचे. मी विद्यार्थ्यांबरोबर एकाच रस्त्यावरची तीच तीच झाडं दर पावसाळ्यानंतर पाहत राहिले, पदरचे पैसे घालून. खोडावरची कोणती जखम किती मिटली, कुठली ढोली वाढली, कोणत्या झाडाभोवती पेवर ब्लॉक आले, कोणाचं आळं बुजवलं. त्यातून लिहिलेला एक निबंध परत आला, सोबत परीक्षकाचा अभिप्राय होता की बहुसंख्य झाडांत लक्षणीय बदल आढळत नाही. झाड जागेवर आहे, हा निष्कर्ष होत नाही म्हणे.

उपकरणांचंही तसंच. खोडातून ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी चित्रात दाखवणारं यंत्र असतं. त्याची किंमत ऐकून आमच्या प्राचार्यांनी आधी पाणी मागवलं. मग मी घरातली कपडे धुवायची मोगरी प्रयोगशाळेत आणली. आजही ती तिथेच आहे, साठा नोंदवहीत तिचा क्रमांकही आहे. बुंध्याभोवती फिरत कान लावून ठोकायचं. भरीव खोडातून कोरडा, आखूड आवाज येतो, पोकळ जागी तो बद्द होतो आणि हाताला जरा थरथर लागते. प्रात्यक्षिक परीक्षेत मी मुलांना डोळे मिटून ठोकायला लावायचे. गंमत म्हणजे वाद्यं वाजवणारी मुलं यात कायम पुढे. ढोलपथकातल्या एका मुलाला मी कधी चुकलेला पाहिला नाही, लेखी परीक्षेत मात्र त्याचे हाल असायचे.

आवाज बद्द आला म्हणजे झाड गेलं, असं मात्र नाही. जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे क्लाउस माटेक हे झाडांच्या यंत्रशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी मोडलेल्या आणि न मोडलेल्या पोकळ झाडांची मापं घेऊन एक ढोबळ नियम काढला: उरलेली भरीव भिंत खोडाच्या त्रिज्येच्या तीस टक्क्यांच्या वर असली तर झाड सहसा पोकळपणामुळे मोडत नाही. म्हणजे मीटरभर जाडीच्या खोडाला चहूबाजूंनी पंधरा सेंटिमीटर चांगलं लाकूड पुरतं. हा नियम मी किती सोसायट्यांच्या मीटिंगांत सांगितला असेल! ढोलीत हात घालून दाखवणारे काका मग माझ्याकडे संशयाने बघतात. त्यांना झाड पोकळ असल्याचं पत्र हवं असतं, ते मी देते. पण पत्रात पुढे ‘तरी तूर्त काढण्याची गरज नाही’ हेही येतं, आणि त्यावर ते नाराज होतात. त्याच ढोलीत पिंगळा राहतो, हे मी हल्ली सांगत नाही. घुबडाचा भाऊ म्हणून एकाने झाडच काढायचा धोशा लावला होता.

मला खरी भीती वाटते ती मुळांची. पोकळी निदान ठोकून कळते. मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांत पसरलेली असतात, पानांच्या घेराच्याही बाहेर जातात, आणि त्यांना हवा लागते. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं मीटरभर काँक्रीट काढा, असा आदेश हरित लवादाने २०१३ साली दिला. आमच्याकडेही अधूनमधून मोहिमा निघतात, हातोड्याने बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडतात, फोटो निघतात. पण डक्टसाठी चर खणताना फुटपाथच्या बाजूची जाड मुळं करवतीने सरळ एका रेषेत कापली जातात आणि दुसऱ्या दिवशी वर नवी फरशी. झाड तक्रार करत नाही. पानं तशीच, मोहोर तसाच, कधी तर जास्तच. मग जूनमध्ये माती भिजून लोण्यासारखी झाली आणि त्या बाजूने वारा आला, की झाड मुळासकट आडवं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘जुनाट वृक्ष कोसळला’. मी अशा पडलेल्या झाडाशी जाऊन पहिल्यांदा मुळांची टोकं बघते. तुटलेलं मूळ चिंध्या चिंध्या असतं. कापलेल्याचं टोक सपाट असतं, काळं पडलेलं.

आता त्या ‘किती ठेवू’बद्दल.

त्याच्या ठेकेदाराला पैसे खेपेमागे मिळतात, हे मला नंतर टेम्पोवाल्याकडून कळलं. जितका माल उतरेल तितक्या खेपा. म्हणजे ज्याचं पोट तोडण्यावर आहे तो माणूस काय ठेवू म्हणून विचारत होता, आणि ठेवण्यावर जिने आयुष्य काढलं ती मी त्याला काढायचा हिस्सा सांगत होते. हे मला बोचत राहिलं. आणि दुसरं म्हणजे, तो वर होता. गावी चिंचांवर मी शेंड्यापर्यंत जायची, मग एका उन्हाळ्यात आजीने ‘घोडी झालीस आता’ म्हणून खाली उतरवलं आणि ते कायमचं. बाहेरच्या देशांत या विषयाचे मास्तर स्वतः दोर लावून चढतात. मी सगळी झाडं खालून पाहिली, साडीचा पदर खोचून, दुर्बिणीतून. खालून झाडाचा घुमट दिसतो, म्हणून चौथा हिस्सा सुचतो. वर बसलेल्याला कोणती फांदी पायाखाली हलते, कुठल्या बेचक्यात साल आत दबून फट धरली आहे, ते तळपायाला कळतं. त्या दिवशी त्याने एक जाड, देखणी फांदी हलकी केली. मी असते तर हात लावू दिला नसता. संध्याकाळी रस्त्यावर पडलेला तिचा तुकडा पाहिला, तर बेचक्याशी बोटभर चीर होती, आत मुंग्या. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि विम्याचं विचारलं तर ठेकेदार दुसरीकडे बघायला लागला.

माझे काही विद्यार्थी आता निरनिराळ्या नगरपालिकांत उद्यान विभागात आहेत. जूनमध्ये रात्री-अपरात्री त्यांचे फोन येतात. परवा एकाचा आला. बाजारपेठेतलं पिंपरणीचं झाड, ठोकून पाहिलं, भिंत तिशीच्या जेमतेम वर, एका बाजूला झुकलेली एक मोठी फांदी, खाली रिक्षा स्टँड. नगरसेवकांना उद्याच्या उद्या झाड खाली हवं होतं. मी म्हटलं, फांदी एकतृतीयांश आत घे, वळीचं भान ठेव आणि पावसाळाभर स्टँड पलीकडे हलव. झाड हलवता येत नाही, रिक्षा येतात. तो म्हणाला, ‘‘विचारलं मॅडम. रिक्षावाले म्हणतात, सावली इथे आहे, तर स्टँड तिकडे कशाला नेऊ?’’ यावर दोघंही हसलो. मग शाळेच्या वेळेला तरी त्या फांदीखाली दोरी बांध, असं ठरलं. रिक्षावाल्यांचा त्याला विरोध नव्हता, दोरी त्यांचीच वापरा म्हणाले.

‘‘आणि फाइलवर?’’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘‘फांदी हलकी करावी, झाड ठेवावं, पावसाळ्यानंतर फेरतपासणी, असं लिही.’’ तो थोडा वेळ गप्प. म्हणाला, ‘‘मॅडम, अर्ज आता कॉम्प्युटरवर असतो. दोनच पर्याय आहेत, ‘तोडणे’ आणि ‘छाटणी’. फेरतपासणीला रकाना नाही.’’ मग छाटणी निवडून प्रिंट काढायची आणि खालच्या कोऱ्या जागेत पेनाने लिहायचं, असं आम्ही ठरवलं. तारीख मीच सुचवली, दसऱ्यानंतरची. त्याने ती मोबाइलमध्येही टाकली, कारण कागद तोवर कोणत्या टेबलावर असेल याची त्याला खात्री नव्हती.